तिसऱ्या वाफ्यातली माती

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.
तुझं खोकं पोचलं. मातीचे नमुने तू औषधाच्या धुतलेल्या बाटल्यांत धाडलेस, म्हणून प्रयोगशाळेत सगळे हसले. ते हसू दुपारपर्यंतच टिकलं. तुझ्या तिसऱ्या वाफ्यातल्या मातीत क्लोरीनयुक्त कीटकनाशक निघालंय, बाकीच्या वाफ्यांच्या चाळीसपट. भोपळ्याचा वेल हे विष मुळांतून ओढून घेतो; पानांत आणि फळातही ते सापडलं. घरात कुणी तो भोपळा खाऊ नका. तुझी नात चार वर्षांची आहे, दादा. छोटीला एक फोडही देऊ नका.
उत्तराची वाट बघणारी,
धाकटी

९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.
तुझ्या यंत्राला सर्दी झाली असेल. तीन वर्षं मी तो भोपळा खातोय आणि अजून जिने चढतोय. बंद कारखान्यामागची ही जागा तीस कुटुंबं कसतात. बागेचे अध्यक्ष म्हणतात, बभ्रा झाला तर सगळ्यांचेच वाफे जातील. छोटीला भोपळा बंद केलाय. सूनबाईने कारण विचारलं, तर कीड लागली म्हणालो. अहवाल जरा लांबव. मोठ्या भावाचं एवढं ऐक.
तुझा दादा

१४ मार्च

ती. दादास,
नमस्कार.
माती पुन्हा वाळवली, चाळली, तीनदा मोजली. चौथ्यांदा बाटलीवर नाव न घालता सहकारिणीकडे दिली. आकडा तोच. सोमवारी मी बागेत येऊन गेले. घरी डोकावले नाही, वहिनीची माफी माग. तुझ्या वाफ्यापासून कुंपणापर्यंत दर पाच पावलांवर नमुना घेतला. आकडे एका सरळ रेषेत चढत जातात. फवारणीने अशी रेघ उमटत नाही. खाली काहीतरी पुरलंय. तू त्या कारखान्यात अठरा वर्षं भांडारपाल होतास. अहवाल शुक्रवारी प्रदूषण मंडळाकडे जाणार, तो थांबणार नाही. त्याआधी बहीण म्हणून विचारते, काय आहे तिथे?
धाकटी

१८ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.
कीटकनाशकाची पिंपं आहेत. एकशे बारा. कारखाना बंद व्हायच्या आधी साहेबांनी चर खणून पुरायला लावली, वर्षभरात उचलू म्हणाले. कागदावर सही माझी. वाफे वाटले तेव्हा ती जागा मीच मागून घेतली, दुसऱ्या कुणाच्या वाट्याला जाऊ नये म्हणून. दोन वर्षं नुसती फुलं लावली. मग तुझ्या वहिनीने हौसेने भोपळ्याच्या बिया टोचल्या आणि माझं तोंड उघडेना. छोटी आवडीने खायची, मी बघत राहायचो. शेवटी राहवेना, तेव्हा तुला माती पाठवली. वाटलं, तू शोधून काढशील, मला सांगावं लागणार नाही.

काल सभेत सगळं सांगितलं. शेजारच्या वाफ्याच्या मास्तरीणबाईंनी एवढंच विचारलं, की त्यांची मुलं तिथली गाजरं खात होती तेव्हाही मला ठाऊक होतं का. मी हो म्हणालो. त्या उठून गेल्या. तुझी वहिनी अजून बोलत नाही. सोबत चराचा नकाशा आहे.
दादा

२ मे

ती. दादास,
सा. न.
नकाशा पावलापर्यंत बरोबर निघाला. सगळी पिंपं वर आली, निम्म्याहून अधिक सडलेली. विष बागेच्या विहिरीकडे सरकत होतं, पण पाणी अजून स्वच्छ आहे. छोटीच्या आणि मास्तरीणबाईंच्या मुलांच्या रक्तात थोडा अंश सापडला. डॉक्टर म्हणतात, आज घाबरण्याजोगं नाही. दरवर्षी तपासत राहायचं. बाईंना निकाल सांगायला मी गेले होते. त्यांनी ऐकून घेतलं, तुझं नावही काढलं नाही.

चौकशीत साहेबांबरोबर तुझी सहीही पुढे येणार. त्या दिवशी मी तुझ्या शेजारी बसेन.

लोभ आहे, रागही आहे. रविवारी दोन्ही घेऊन येते.
धाकटी