लाल ठिपक्याची डिस्क

अण्णा, काल जिन्याखालचं कपाट रिकामं केलं. तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटली, पण त्या कपाटाला हात लावताना अजूनही तुम्हाला विचारावंसं वाटतं. घरातल्या फाइली ठेवायला नवी पेटी यायची होती, तिला जागा हवी होती. ही नवी पेटी वहीएवढी आहे आणि तिच्यात फिरणारं असं काहीच नाही, त्यामुळे ऐकून पारखावं असंही काही नाही. आठ दिवस मी तक्ते ताडून पाहिले, अनोळखी लोकांचे अभिप्राय वाचले आणि शेवटी एक निवडली. निवडताना सारखं वाटत होतं की तुम्ही मागे वेताच्या खुर्चीत बसून गालात हसताय. कपाटात आपल्या जुन्या काँप्युटरची पत्र्याची कॅबिनेट निघाली, तिच्यामागे तुमचा लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर आणि एक हार्ड डिस्क. डिस्कच्या कोपऱ्यावरचा लाल ठिपका अजून तसाच आहे. तो पाहिला आणि एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे हे आठवलं, म्हणून लिहायला बसले.

हे सगळं आईच्या पाळण्यांमुळे सुरू झालं. दर गुरुवारी ती टेपरेकॉर्डर पिशवीत घालून बाहेर पडायची. आपल्या या कानडी शहरात बनशंकरीपासून शिवाजीनगरपर्यंत मराठी लोकांची जुनी घरं होती, तिथल्या म्हाताऱ्या बायकांकडून ती बारशाचे पाळणे गाऊन घ्यायची. अर्धं मराठी, अर्धं कन्नड. पुण्याच्या पाहुण्यांना ते ऐकून हसू यायचं आणि आईला त्यांच्या हसण्याचा राग. एके दिवशी प्लेअरनं एक कॅसेट गिळली. फीत ओढून काढली तर शेवयांसारखा गुंता हातात आला. गाणारी बाई दसऱ्याआधीच गेली होती. आई त्या दिवशी जेवली नाही. मी तिला शब्द दिला की सगळे पाळणे काँप्युटरवर घेऊ, परत असं होणार नाही. शब्द देताना मला कल्पना नव्हती की एका पाळण्याची फाइल दहा फ्लॉप्यांतही मावत नाही. आवाज भरून घ्यायचं यंत्र माझ्या माडीवरच्या खोलीत, आणि आई शब्द टाइप करायची ते जुनं यंत्र स्वयंपाकघराशेजारी. मध्ये एक तिसरं यंत्र हवं होतं. ते सगळं सांभाळेल आणि तारेवरून दोघींना देईल. अठ्ठ्याण्णव साल होतं. असली तयार पेटी तेव्हा घरासाठी कोणी विकत नव्हतं, सुटे भाग आणून आपणच जोडायची.

सुटे भाग म्हटल्यावर तुमचे डोळे चमकले. तीस वर्षं तुम्ही घड्याळाच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काढली होती. तुमचे जोडीदार घरी आले की एकच गोष्ट सांगायचे, की यंत्रानं पास केलेलं घड्याळ अण्णा कानाशी धरून परत पाठवायचे, आणि उघडून पाहिलं तर अण्णाच बरोबर असायचे. निवृत्तीनंतर तुमच्याकडे त्या कानाशिवाय मिरवण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. आणि नेमका तोच जात होता. मला ते कुकरमुळे कळलं. शिट्ट्या मोजायचं काम तुमचं होतं, हॉलमध्ये पेपर वाचता वाचता तुम्ही "तीन झाल्या गं" म्हणून सांगायचात. हळूहळू वरणाचा लगदा व्हायला लागला. आई स्वतः मोजायला लागली, आणि तुम्ही "तीन झाल्या" म्हणायच्या कितीतरी आधीच गॅस बंद झालेला असायचा. आम्ही दोघीही तुम्हाला "हो" म्हणायचो.

यादी मी केली होती. मासिकात वाचून नव्यातला नवा प्रोसेसर, भरपूर मेमरी, सगळं लिहिलं होतं. तुम्ही चष्मा लावून ती वाचलीत आणि विचारलंत, "हे यंत्र करणार काय?"

"फाइली ठेवणार. मागेल त्याला काढून देणार."

"म्हणजे शिपाई झाला की. शिपायाला सूट कशाला शिवतेस?"

मला राग आला, पण यादीतला नवा प्रोसेसर मी खोडला. माझ्या ऑफिसात भंगारात निघालेलं, जुन्या चारशे शहाऐंशी प्रोसेसरचं एक यंत्र होतं, ते मागून आणलं आणि शिपायाला तेवढं पुरलं. खर्च करायचा तो वीज देणाऱ्या डब्यावर, पंख्यावर आणि डिस्कवर, असं तुमचं म्हणणं. पुढे मी याच धंद्यात पंचवीस वर्षं काढली, मोठमोठ्या कंपन्यांना मोठमोठी यंत्रं निवडून दिली, आणि दर वेळी तुमचाच प्रश्न विचारत आले. हे करणार काय? त्यावर माझी बढतीसुद्धा झाली.

मला सुट्टी शनिवारी, म्हणून आपण शनिवारी बाजारात गेलो. एस. पी. रोडवर त्या बोळातल्या दुकानदारानं काउंटरवर माल मांडला. तुम्ही दोन्ही हातांत दोन पॉवर सप्लाय घेऊन भाजीवाल्यासारखे तोललेत आणि जड होता तो बाजूला काढलात. "आत तांबं जास्त आहे." कॅबिनेटच्या आतल्या कडेवरून अंगठा फिरवलात. मग मी पिशवी उघडली तेव्हा म्हणालात, "आज नुसतं बघायचं. शनिवारी लोखंड घरात आणायचं नाही."

"अण्णा, डिस्क ॲल्युमिनियमची असते."

"आणि तिचे स्क्रू?"

दुकानदाराला मराठी येत नव्हतं, पण शनिवार आणि लोखंड त्याच्याही घरी असावं, कारण तो हसला आणि कन्नडमध्ये म्हणाला की माल सोमवारपर्यंत बाजूला ठेवतो. मग तुम्ही त्याला तीन डिस्क एकेक करून वीज देऊन फिरवायला लावल्यात. खिशातून हा स्क्रूड्रायव्हर काढलात, टोक डिस्कच्या अंगाला लावलंत आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडावर टेकवून डोळे मिटलेत. "एन सार, डॉक्टरा नीवु?" त्यानं विचारलं. तुम्ही ऐकलं नाहीत. मीच सांगितलं, डॉक्टर नाहीत, घड्याळवाले आहेत. बाजारात एवढा गोंगाट, हमाल ओरडतायत, रिक्षांचे हॉर्न, आणि तुम्ही देवापुढे बसल्यासारखे. तिन्ही झाल्यावर तुम्ही मधल्या डिस्कवर बोट ठेवलंत. "ही."

अण्णा, ती डिस्क किंचाळत होती. डास कानाशी यावा तसा बारीक, उंच आवाज काउंटरच्या या बाजूला उभी राहून मला ऐकू येत होता. तिसरी मात्र इतकी शांत होती की चालू आहे की नाही कळू नये. मी म्हणाले, "तिसरीच्या कागदावर आकडे चांगले आहेत." तुम्ही दुकानदारासमोरच मला झापलंत. "पत्रिका बघून लग्नं जमवतात. यंत्र नाही." आणि खिशातून नेलपॉलिशची बाटली काढून मधल्या डिस्कवर ठिपका दिलात. कारखान्यात पास झालेल्या मालाला हिरवा ठिपका असायचा, हिरवं नेलपॉलिश कुठे मिळेना म्हणून घरी लाल. परत येताना बसमध्ये तुम्ही खुशीत होता, लिंबू सोडा पाजलात, आणि मी खिडकीबाहेर बघत विचार करत होते की आता करायचं काय. आईला दिलेला शब्द एकीकडे. दुसरीकडे तुमचा कान. मला वाटत होतं, किंचाळणं तुम्हाला ऐकूच आलं नाही. ते तुम्हाला सांगायचं म्हणजे तीस वर्षं पुसून टाकायची, आणि नाही सांगायचं म्हणजे आईचे पाळणे मोडक्या पाळण्यात झोपवायचे.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी एकटी गेले. शनिवारचा तुमचा नियम माझ्या असा पथ्यावर पडला. मी लाल ठिपक्याची डिस्क घेतली आणि ती शांत तिसरीही घेतली. घरी येऊन तुम्हाला सांगितलं की अशा यंत्रात दोन डिस्क लागतातच, दोन्हींवर तेच लिहिलं जातं, एक गेली तरी दुसरीवर सगळं राहतं, अशी पद्धतच आहे. पद्धत होती हे खरं. पण शनिवारी माझ्या यादीत डिस्क एकच होती आणि ती यादी तुम्ही चष्मा लावून वाचली होतीत.

तुम्ही कॅबिनेट पुढ्यात ओढून घेतलीत. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसलात. ठिपक्याची डिस्क आधी बसवलीत. मग बिनठिपक्याची हातात घेऊन उलटीसुलटी पाहिलीत आणि म्हणालात, "हिला स्वल्प वीज दे." मी दिली. पुन्हा स्क्रूड्रायव्हर, पुन्हा कानामागचं हाड. बराच वेळ. मग कन्नडमध्ये 'ठीक' म्हणतात तसं "सरी" म्हणालात आणि तिलाही तितक्याच काळजीनं चार स्क्रू लावलेत. भिंतीच्या कडेनं तार तुम्ही अशी ठोकलीत की दर वितीला एक खिळा, फुटपट्टी लावून मोजावा. आई केर काढताना तारेच्या टोकाची टोपी ढिली करायची आणि सगळं बंद पडायचं. तेवढं सोडलं तर ते यंत्र शहाण्या शिपायासारखं चालायला लागलं.

ते दिवस फार चांगले होते, अण्णा. आई पोळ्या लाटून झाल्या की पिठाचे हात पुसून बसायची, एक ओळ ऐकायची, एक टाइप करायची. एका संध्याकाळी मी खाली आले तर तुम्ही तिच्या स्पीकरच्या लाकडी खोक्याला स्क्रूड्रायव्हर लावून डोळे मिटून बसला होतात. मला वाटलं, स्पीकर तपासताय. मी म्हटलं, "तो चांगला आहे, अण्णा." आईनं मला हातानं गप्प केलं. तुमचा पाय जमिनीवर ठेका धरत होता. मी ते पाहिलं आणि त्यातून काहीही न समजता चहा ठेवायला गेले. इंजिनिअर असले तरी मी तेव्हा मठ्ठच होते.

सव्वा वर्षानं एके सकाळी एक डिस्क गेली. टक टक करायला लागली आणि अर्ध्या तासात संपली. तुम्ही आत्याकडे होसकोटेला गेला होता. कॅबिनेट उघडायच्या आधीच मला खात्री होती कोणती ते. उघडलं तर ठिपक्याची डिस्क आपली किंचाळत छान फिरत होती. गेली होती ती माझी, ती शांत, कागदावर चांगली असलेली. आईचा एकही पाळणा हरवला नाही. तुम्ही परत यायच्या आत मी नवी आणून बसवली, झाकण लावलं आणि मेलेली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नेऊन टाकली. आईलाही सांगितलं नाही. नशीब म्हणून सोडून दिलं. आंधळ्याचा बाण लागला, म्हटलं, आणि लाज वाटली तरी म्हटलं.

पुढच्या वर्षी तुम्ही एकदाचे कानाच्या डॉक्टरकडे यायला तयार झालात. शिवाजीनगरच्या त्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोन पायांचा लोखंडी चिमटा टेबलावर आपटून तुमच्या कानासमोर धरला. तुम्ही मान हलवलीत, नाही. मग त्याच चिमट्याची दांडी त्यांनी कानामागच्या हाडावर टेकवली. तुम्ही डोळे मिटलेत आणि कितीतरी वेळ बोट वर धरून बसलात, आवाज पार विरेपर्यंत. त्या मला म्हणाल्या, "यांचं आतलं ऐकणं उत्तम आहे. वाट अडली आहे ती बाहेरची. हाडातून यांना तुमच्याआमच्याइतकंच ऐकू येतं." मी तिथे स्टुलावर बसले होते. दुकानातला काउंटर, स्पीकरचं खोकं, तुमचा ठेका धरणारा पाय, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. तुम्ही ती किंचाळी ऐकली होतीत. तिच्याखालची डिस्कची न अडखळणारी चालही ऐकली होतीत, जी आम्हा धड कानांच्या लोकांना ऐकू येत नव्हती.

बसस्टॉपवर आपण शेंगा खात उभे होतो. तुम्ही म्हणालात, "कान जातोय हे मला ठाऊक होतं. उगीच तुमच्या जिवाला घोर नको म्हणून नाही बोललो." मग थोड्या वेळानं, शेंग सोलता सोलता, माझ्याकडे न बघता विचारलंत, "ती पेटी चालते ना अजून?"

"चालते."

"दोन्ही डिस्क?"

मी म्हणाले, "दोन्ही." तुम्ही "सरी" म्हणालात आणि उरलेल्या शेंगा माझ्या हातात दिल्यात. बस आली. तुम्हाला कानाचं मशीन मिळालं, तुम्ही कुकरच्या शिट्ट्या पुन्हा मोजायला लागलात, वरण सुधारलं, आणि मग तो विषय काढायला चांगला दिवस मिळेल मिळेल म्हणताना तुमचेच दिवस संपले. आज त्या दिवसांतल्या तुमच्या वयाला मी पोचत आले आहे, आणि आता कळतं की तुम्ही डिस्कची चौकशी करत नव्हता. शाबासकी मागत होता, तीही अशी की मला द्यायला सोपी जावी.

पाळणे सगळे आहेत. आई अजून ऐकते, आता तिलाही मोठ्यानं लावावे लागतात. नव्या पेटीत आज सकाळीच उतरवले. हे पत्र छापून कुठे टाकणार, तेही तिथेच ठेवते, पाळण्यांशेजारी. ठिपक्याची डिस्क मात्र टाकवली नाही. दुपारी घरात कोणी नसताना तिला वीज दिली, ती किंचाळत उठली, आणि मी तुमचा स्क्रूड्रायव्हर कानामागे टेकवून पाहिला. मला त्यातलं काही कळलं नाही.

दोन्ही नाही, अण्णा. फक्त तुमची.