वीटभट्टीच्या मैदानावर बरोबरी नाही

॥ श्री ॥
नाशिक,
ता. १२ फेब्रुवारी १९३४

चि. सौ. मालनबाई हिस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल तुझ्या दादाने मैदान उघडलं. टाकळीच्या वाटेवरची पडकी वीटभट्टी तुला आठवत असेल. माती काढून काढून तिथे एवढा खोल खड्डा झाला होता की गावाने तो टाकून दिला होता. मी चारी उतारांवर बसायला पायऱ्या कापल्या, तळाशी तांबडी माती पसरली, तिच्यात ताक, तेल, हळद कालवली आणि कुस्तीचं मैदान तयार केलं. आता तीन हजार माणूस बसलं तरी शेवटच्या पायरीवरच्यालाही लंगोटाची गाठ दिसते. नाशकात असं मैदान दुसरं नाही.

पत्रकावर मी मोठ्या अक्षरांत छापून घेतलं: या मैदानावर बरोबरी नाही. एकाची पाठ मातीला लागेपर्यंत कुस्ती चालणार. आणि पंचाने पाठीवर थाप दिल्याशिवाय कोणी पकड सोडायची नाही, कारण पहिलवान आपसांत ठरवून सोडतात अशी लोकांची जुनी तक्रार आहे. पंच अर्थात मीच.

पहिलाच दिवस असा गाजला म्हणून सांगू! सिन्नरच्या एका गड्याचा खांदा निखळला. तो त्याने तिथल्या तिथे बसवून घेतला आणि पुन्हा शड्डू ठोकला. दुसऱ्याचे पुढचे दोन दात मातीत गेले. हरलेल्या गावच्या लोकांनी दगड फेकले, त्यात दोन फेटे रक्ताने भिजले. आपल्या धाकट्या सावळीरामाने मात्र समोरच्याला चार मिनिटांत आडवा केला. माझ्या हाताखालचा दुसरा पोरगा, भद्रकालीत हातमाग चालवणाऱ्या खातूनबींचा शफी, त्यानेही मैदान मारलं. दोघांना लोकांनी खांद्यावर घेऊन गंगेपर्यंत मिरवलं.

नाथारावांना नमस्कार सांग. मैदान पाहायला दोघं या.

तुझा,
कारभारी दादा

॥ श्री ॥
इगतपुरी,
ता. २६ फेब्रुवारी १९३४

ती. दादा यांस मालनचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. दात पडल्याची, खांदा निखळल्याची बातमी तुम्ही बारशाचं बोलावणं करावं तशा हौसेने लिहिलीत. ह्यांना वाचून दाखवली तर म्हणाले की तुझा दादा पहिलवान तयार करतो की दवाखान्याला गिऱ्हाईक. मी हसले, पण नंतर भाकऱ्या थापताना हसू आलं नाही.

दादा, आई गेली तेव्हा सावळीराम चार वर्षांचा होता. मी दहाची. तुम्ही शेतात आणि तालमीत, त्याला कडेवर घेऊन फिरले ती मी. त्याच्या अंगावरची एकेक खूण मला ठाऊक आहे, नव्या खुणा मला नकोत. इथे लोकोशेडमध्ये माणसं घेत आहेत. ह्यांचा शब्द साहेब मोडत नाही. त्याला धाडून द्या. अंगात ताकद आहे, ती इंजिनाच्या कामाला येईल, आणि इंजिन निदान उलटून मान तरी धरत नाही.

रागावू नका. रागावलात तरी उत्तर धाडा, एवढं मागते.

तुमची,
मालन

नाशिक,
ता. ९ मार्च १९३५

चि. सौ. मालन हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वर्षभर उशाशी आहे आणि उत्तराला मुहूर्त आज लागला. कामंच तशी. पश्चिमेच्या उतारावर लाकडी फळ्यांची माडी उभी केली, वर पत्रे टाकले. आता सावलीत हजार माणूस बसतं. मनमाडहून, येवल्याहून गाड्या भरून लोक येतात.

सावळीरामाला धाडणार नाही. वाघाला गोठ्यात बांधून दूध मागशील का? परवा त्याचा उजवा कान फाटला, टाके पडले, तर तो आरशात पाहून म्हणतो की आता खरा पहिलवान दिसतो. खातूनबी दोघा पोरांना शेजारी बसवून तूप-भात जेवू घालतात. शफीला आधी वाढलं की सावळीराम रुसतो. त्यामुळे त्या आता एकाच परातीत वाढतात.

लोक एक मागणी सारखी करतात. सावळीराम आणि शफी यांची जोड लावा म्हणून ओरडतात. मी कानांवर हात ठेवतो. एका वस्तादाच्या हाताखालची पोरं मैदानात एकमेकांना भिडत नाहीत, हे आपल्या बापाने पाळलं आणि मीही पाळतो. तेवढ्यापुरती तरी तू निश्चिंत राहा.

माया पातळ करू नकोस.

तुझा,
कारभारी दादा

नाशिक,
ता. ६ फेब्रुवारी १९३६

चि. सौ. मालन हिस आशीर्वाद. वि. वि.

तार मिळालीच असेल. शफी काल वारला. तीन दिवस काढले, पण शुद्ध आली नाही. लोकांनी तुला भलतंसलतं सांगण्याआधी मीच लिहितो.

मैदानाच्या दिवशी शेवटची कुस्ती मनमाडच्या रियाज पहिलवानाशी सावळीरामाची होती. रियाज तापाने फणफणला आणि आलाच नाही. मी हे सांगितलं तसे पाच हजार लोक उठले. आधी चपला आल्या, मग दगड. माडीच्या फळ्या उपटल्या. हलगी वाजवणाऱ्या कोंडाजीच्या कपाळातून रक्ताची धार लागली. कोणीतरी खांबाला चिंध्या गुंडाळून पेटवायला घेतल्या. लोक एकच ओरडत होते की शफीला आणा. मी काय करणार होतो? दोघांना बाजूला घेऊन सांगितलं की दहा मिनिटं देखाव्याचं लढा, मग मी एकाची पाठ लागली म्हणून सांगतो.

पण लोक डोळे मिटून बसत नाहीत. ठरवून चाललंय म्हणून पुन्हा दगड सुरू झाले. तेव्हा मला सांगावं लागलं की खरं लढा. दोघांना एकमेकांचा डाव आधीच कळायचा, त्यामुळे कोणी पडेना. दीड तास झाला. शफीची भुवई फुटली, सावळीरामाच्या नाकातून रक्त गळत होतं, दोघांचं रक्त मिसळून माती काळी झाली. मग सावळीराम त्याच्या पाठीवर बसला, दोन्ही काखांतून हात घालून मान पुढे दाबली. अशी मान हजार वेळा दाबली जाते. पण मोडली ती ह्याच वेळी.

शफी सोड म्हणाला होता, असं कोंडाजी म्हणतो. त्या गलक्यात मला काही ऐकू आलं नाही. फौजदारांनी पंचनामा केला आणि खेळातला अपघात म्हणून लिहून घेतलं. सावळीराम घरात नाही. तुझ्याकडे आला असेल तर कळव.

कारभारी

इगतपुरी,
ता. २० फेब्रुवारी १९३६

ती. दादा यांस मालनचा नमस्कार. वि. वि.

सावळीराम इथे आहे. पायी आला, घोटी ओलांडून. पायांना कापडं बांधली होती ती सोडवताना कातडी निघाली. तीन दिवस पाण्यापलीकडे काही घेतलं नाही. चौथ्या दिवशी बोलला, ते लिहिते.

शफी सोड म्हणाला, ते त्याला ऐकू आलं होतं. सोड सावळ्या, मान चालली, असं म्हणाला. सावळीरामाने डोकं वर करून तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही तीन हातांवर उभे होतात. तुम्ही थाप दिली नाही, म्हणून त्याने सोडलं नाही. तुमच्या मैदानाचा नेम म्हणून. मग हाताखाली सुकी काटकी मोडल्यासारखं झालं, असं तो सांगतो आणि आपल्याच हातांकडे बघत राहतो. काल त्याने उजवा हात चुलीत घातला. ह्यांनी ओढून काढला, पण बोटं भाजलीच.

त्याला आपला दोष नाकारायचा नाही, दादा. माझ्या हातांनी केलं, मी ऐकलं आणि सोडलं नाही, असं तो स्वतःच म्हणतो. पण त्याला एक कळलं पाहिजे, नाही तर तो जगत नाही, हे मी त्याला वाढवणारी म्हणून सांगते. तुम्हाला ऐकू आलं होतं का? मला रागाने लिहायचं नाही, पण रागच आहे.

होय की नाही, एवढंच लिहा. बाकी मजकुराची गरज नाही.

मालन

नाशिक,
ता. ४ जुलै १९३६

चि. सौ. मालन हिस आशीर्वाद. वि. वि.

पावसाने मैदानात कमरेएवढं पाणी साठलं आहे. माडीचे मोडलेले खांब बदलले, आता सागवानी घातले आहेत. फाटकावर लोखंडी पत्रा ठोकला. तुला सांगून खरं वाटणार नाही, पण त्या दिवसापासून मैदानाचं नाव दूर गेलं. इथे माणूस मेला तो खड्डा कुठला, असं विचारत लोक पाहायला येतात. मला ते आवडतं असं नाही. पण येणाऱ्याला कसं हाकलू?

तू विचारलंस त्याचं उत्तर मी आधीच्या पत्रात दिलं आहे. पाच हजार माणसं, हलगी, शिट्ट्या. कोणाला काय ऐकू येणार? सावळीरामाला सांग की मन मोठं करावं. फेब्रुवारीत मैदान भरवतो आहे. तो उतरला तर लोकांना आनंद होईल आणि त्याचंही मन रमेल.

खातूनबींकडे मी अजून गेलो नाही. त्या सावळीरामाला तळतळून बोलतात असं ऐकतो. बाईमाणूस आहे, बोलणारच.

नाथारावांना नमस्कार.

कारभारी दादा

इगतपुरी,
ता. २७ जानेवारी १९३७

ती. दादा यांस नमस्कार. वि. वि.

पोराचा जीव जाईल की राहील असं विचारलं, तर तुम्ही सागवानी खांबांचं लिहिलंत. तुमचं पत्र त्याला वाचून दाखवलं. मन रमेल, हे वाचताना माझीच जीभ अडखळली. त्याने घडी करून खिशात ठेवलं. शेडमध्ये कामाला लागला होता, दोन महिने बरा होता, जेवत होता. आज सकाळी कामावर गेला नाही. नाशिकच्या गाडीत बसताना ह्यांच्या सोबत्याने पाहिला.

तो तुमच्या दारी आला तर त्याला खरं सांगा. मी लहान आहे, पण आज पाया पडून मागत नाही, बजावून सांगते.

मालन

नाशिक,
ता. ९ फेब्रुवारी १९३७

चि. सौ. मालन,

अक्षर वाकडं आलं आहे. मान वळत नाही आणि उजव्या खांद्यापासून खाली मुंग्या आहेत, म्हणून डाव्या हाताने लिहितो.

सावळीराम घरी आला नाही, इतके दिवस कुठे राहिला ठाऊक नाही, थेट मैदानात आला. परवा फाटकं उघडली तेव्हा सहा हजार लोक आत होते. दोन कुस्त्या झाल्या, त्यात एकाची बरगडी मोडली, लोक अजून मागत होते. तेवढ्यात हा उतारावरून चालत खाली आला. सदरा काढला, लंगोट आतूनच कसलेला होता, हाताला चुलीत भाजल्याच्या खुणा. उजवा हात वर करून त्याने मैदानाला फेरी घातली. आव्हान देणाऱ्याच्या हाताला हात लावला की जोड ठरली, हे तुला माहीत आहे. एकानेही हात लावला नाही. मग तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि हात पुढे केला.

पन्नाशीला आलेला मी. पण सहा हजार लोकांपुढे वस्तादाने हात कसा नाकारायचा? मी हात लावला. लोक वेडे झाले. पंचाची जागा रिकामी राहिली, ती कोणाच्या ध्यानातच आली नाही.

त्याने मला मारलं, मालन. पहिल्याच धडकेत माझा ओठ दातांतून आरपार गेला. दोनदा उचलून आपटलं, दुसऱ्यांदा छातीतलं सगळं वारं गेलं. मी त्याची बोटं पिरगाळली, भाजलेलीच बोटं धरली, हेही लिहितो. मग तो पाठीवर बसला आणि माझ्या दोन्ही काखांतून हात आले. हनुवटी छातीत रुतली, डोळ्यांपुढे अंधार आला, मानेत काहीतरी ताणून करकरायला लागलं. वरून सहा हजार माणसं ओरडत होती, हलगी कडाडत होती. मी सोड म्हणालो. ओरडलो नाही, ओरडायला श्वासच नव्हता. तोंडात माती असताना पुटपुटलो, एवढंच.

त्याने लगेच सोडलं.

पाठ न लागता कुस्ती सुटली म्हणून दगड आले. एक त्याच्या डोक्याला लागला. त्याने पुसलंही नाही, मला बखोटीला धरून उभं केलं आणि वर नेलं. मागे लोकांनी माडी पेटवली. सागवान चांगलं वाळलं होतं, तासाभरात सगळं खाली आलं. मी वळून पाहू शकलो नाही, मान वळत नव्हती.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मला ऐकू आलं होतं. शफी पहिल्यांदा सोड म्हणाला तेव्हाही, आणि दुसऱ्यांदा मान चालली म्हणाला तेव्हाही. दोन्ही वेळा मी लोकांकडे पाहत होतो. दीड तासानंतर ते खाली बसले होते, दगड थांबले होते, आणि मला वाटलं की अजून एक क्षण, पाठ लागूच दे. शफीचा आवाज मला रोज येतो. वर्षभर मी तुला खोटं लिहिलं आणि ह्या पोराला त्याच्या हातांसकट एकटं सोडलं.

आज सकाळी त्याच्याबरोबर खातूनबींच्या दारी गेलो. मी उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं सांगितलं. त्यांनी मागावरचा हात थांबवला नाही. सांगून झालं तेव्हा एवढंच विचारलं की त्या वेळी तुम्ही कुठं बघत होता. मी लोकांकडं म्हणालो. मग त्यांनी सावळीरामाला नावाने हाक मारून आत ये म्हटलं. तो गेला, आणि आतून दोघांच्या रडण्याचा आवाज आला. मला कोणी ये म्हणालं नाही. मी दुपारपर्यंत पायरीवर बसलो आणि मग घरी आलो.

लोभ असू दे असं लिहायला हात उचलत नाही. तुला जमेल तेव्हा जमेल तेवढा ठेव.

कारभारी