टॉकीजमागचं घर शकुनबाईचं

मी, फारुख खान वल्द रहीम खान, वय अडुसष्ट, पूर्वी सिनेमा ऑपरेटर, राहणार अकोट, जिल्हा अकोला, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. साखरेने एक डोळा नेला. डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. होता, तो मी आठ वर्षं मानला.

१. माझी पत्नी रजियाबी हयात नाही. एकुलती मुलगी नगमा अमरावतीला कॉलेजात शिकवते. प्रोजेक्टरची लेन्स, रीळ जोडायची कात्री आणि माझी पुस्तकं तिची.

२. घोड्यावरच्या शेरीफची सात पोस्टरं वामनरावांना द्यावीत. वामनराव माझे मालक. टॉकीज त्यांची, जिनिंगही त्यांचं. त्यांना अमेरिकेतल्या काउबॉयचे जुने सिनेमे फार आवडत. त्यात एक सच्चा माणूस येतो, शेरीफचा म्हणजे तिकडच्या फौजदाराचा बिल्ला लावतो, भर दुपारी समोरासमोर गोळी घालतो आणि गाव सुखी होतं. वामनराव बाल्कनीतून टाळ्या वाजवत. गाव त्यांनाच शेरीफ म्हणू लागलं. मीही म्हणायचो.

पुढे त्याच मुलखाचे वेगळे सिनेमे आले. त्यात शेरीफ खाणमालकाचा मिंधा, गोळी पाठीत, नायक म्हातारा आणि खुनांना विटलेला. गाव दारं लावून बसलेलं. असा एक लावला तर पब्लिकने खुर्च्या आपटल्या. दुसऱ्याच दिवशी वामनरावांनी तो उतरवला.

"हा काय पिच्चर हाये, फारुख? शेरीफच चोर दाखोला! असं कुठी रायते काय?"

"नाही रायत, मालक," मी म्हणालो.

३. आता घर. टॉकीजमागचं हे दोन खोल्यांचं घर शकुनबाई, राहणार हिवरखेड, यांना द्यावं. त्या देवीदास मापाऱ्याच्या विधवा. देवीदास वामनरावांच्या जिनिंगवर कापूस मोजायचा. १९९८ च्या दिवाळीनंतर, बोंडअळीने हातात थोडंच पीक ठेवलेल्या शेतकऱ्यांसमोर तो उघड बोलला, "काटा खोटा हाये. गाडीमागं अर्धा क्विंटल कापूस खाते हा."

चौथ्या दिवशी, मॅटिनीच्या वेळी, मी केबिनच्या मागच्या खिडकीत उभा होतो. खाली दोघे देवीदासला सळईने मारत होते. वामनराव जीपला टेकून पाहत होते. देवीदासने वर बघून हाक दिली, "फारुखभाई, खाली या!"

मी खिडकी लावून घेतली. पडद्यावर जुनाच सिनेमा चालू होता. शेरीफ जिंकत होता, पब्लिक शिट्ट्या मारत होती.

अकोल्याला नेताना देवीदास गेला. जबाबात मी सांगितलं की रीळ बदलत होतो, मागे पाहिलं नाही. तीन महिन्यांत वामनरावांनी हे घर माझ्या नावावर केलं.

नगमाला हे यंदा सांगितलं. ती एका नव्या धाटणीच्या काउबॉय सिनेमाची सीडी घेऊन आली होती. म्हणाली, "अब्बा, जुन्या सिनेमात आदिवासी फक्त घोड्यावरून पडायला येतात. यात पाहा, त्याच्या झोपडीत चूल आहे, बायको आहे." मला शकुनबाईची चूल दिसली आणि तोंडातून सगळं निघून गेलं. नगमाने सिनेमा बंद केला. मग म्हणाली, "घर शकुनबाईला देऊन टाका. माफी मात्र मागू नका. तिला ती द्यावी लागेल."

शरियतप्रमाणे मिळकतीच्या तिसऱ्या हिश्शापलीकडे बाहेरच्याला द्यायचं तर वारसाची संमती लागते. ती नगमा देणार आहे.

४. वरील मजकूर हाच माझा खरा जबाब समजावा आणि माझ्यामागे ठाण्यात द्यावा. जिवंतपणी का दिला नाही, असं कोणी विचारेल. भितो. अजूनही.

५. वामनरावांनी माझ्या जनाज्याला खांदा देऊ नये. गेल्या साली त्यांच्या सत्कारात हार मीच घातला. तेवढी सेवा पुरे.

मुक्काम अकोट, १९ नोव्हेंबर २००६
सही: फारुख खान

साक्षीसाठी आधी किसनराव गुरुजींना बोलावलं होतं, चाळीस वर्षांचे मित्र. कलम तीन वाचून त्यांनी पेन खाली ठेवला. म्हणाले, "मले या गावात रायाचं हाये." म्हणून पुढील दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या:

१. श्रावण इंगळे, शिंपी, अकोट
२. चंद्रभान तायडे, टॉकीजचा जुना गेटकीपर. सहीखाली त्याने न विचारता स्वतःच्या हाताने लिहिलं: "मीबी गेटावरून पायलं होतं."