उजव्या खुर्चीतली शेवटची फेरी

प्रिय ताई,

हे पत्र मी इतकं टाळलंय की आता पेनलाच माझी कीव येत असेल. आधी वाटलं फोन करावा. केलाही, आणि हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. तुलाही कळलं असेल की ह्याच्या पोटात काहीतरी आहे. मग ठरवलं, लिहू. लिहायला बसलो तर टेबलाचा पाय हलत होता. पाचर शोधायला माळ्यावर चढलो, तिथे आपला जुना कॅमेरा सापडला, तो खोलून बसलो आणि झाला दिवस. माझं तुला ठाऊकच आहे. शाळेत माझा एक निबंध कधी शेवटापर्यंत गेला नाही. आज म्हटलं, टेबल हलतंय तर हलू दे.

मी सध्या घरीच आहे. हसू नकोस. बंदरावरच्या खानावळीतलं भांडी विसळायचं काम सुटलं, म्हणजे मीच सोडलं. मालकाचा कुत्रा फार गुणी होता, मालक तसा नव्हता. आई म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी आहे ती आहेच, पण निदान ती घराभोवती तरी फिरू दे थोडे दिवस. म्हणून फिरतोय घराभोवती. गच्चीवरची टाकी धुतली, न्हाणीघराच्या दाराला नवी कडी बसवली. तिरकी बसलीय. लागते पण.

बाबा बरे आहेत. म्हणजे जेवतात, रोज दाढी करतात, सकाळी गॅलरीत उभं राहून ढग बघतात आणि कुणी न विचारता सांगतात की आज विमान उतरवताना आडवा वारा लागेल. आई म्हणते, ‘वारा आहे ना? मग त्या चादरी तरी वाळत घाला.’ रिटायर झाल्यापासून त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतलाय. गॅस बंद केला का, नळ बंद केला का, प्रत्येक गोष्ट मोठ्याने विचारतात आणि उत्तर मोठ्याने मिळाल्याशिवाय हलत नाहीत. परवा आई वैतागली, ‘अहो, हे स्वयंपाकघर आहे, इथे एकच कॅप्टन असतो!’ आम्ही सगळे हसलो. बाबाही हसले, पण कॅप्टन ह्या शब्दापाशी त्यांचं हसू अडकलं. आईने ते पाहिलं आणि उगाच चहा टाकला. आत्ताच तर झाला होता.

मला तो दिवस आठवतो, बाबा नोकरीला होते ती पहिली विमान कंपनी बुडाली त्यानंतरचा. तू नुकतीच मोठ्या कंपनीत पायलट म्हणून लागली होतीस. नवा गणवेश घालून घरभर मिरवत होतीस. बाबांना कितीतरी महिने काहीच नव्हतं. मग त्या छोट्या कंपनीने त्यांना घेतलं आणि ते सगळ्यात तळाला लागले. मला कळेचना. म्हटलं, एवढी वर्षं विमानं चालवली ती गेली कुठे? तेव्हा तू समजावलंस की तुमच्या धंद्यात कंपनी बदलली की माणूस नव्याने रांगेच्या शेपटाला उभा राहतो, मागचं काही बरोबर येत नाही. आणि मग जेवताना तूच म्हणालीस, ‘बाबा, म्हणजे मी तुम्हाला सीनियर झाले की!’ ते ताटावरून उठून उभे राहिले आणि खरकट्या हाताने त्यांनी तुला सलाम ठोकला. आईला ठसका लागला. केवढे हसलो होतो आपण! वेगवेगळ्या कंपन्या, वेगवेगळ्या रांगा, त्यामुळे हसायला काही हरकत नव्हती.

मग दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि दोन रांगांची एक रांग करायची वेळ आली. माझ्यासारख्या अडाण्यालाही एवढं कळलं की एक खिडकी बंद झाली की त्या रांगेतली माणसं दुसरीत कुठे घुसवायची ह्यावरून डोकी फुटतात. बाबा त्यांच्या बाजूच्या समितीत गेले. त्यांचं म्हणणं, जो आज कॅप्टन आहे तो कॅप्टनच राहावा. तू तुझ्या बाजूच्या समितीत गेलीस. तुझं म्हणणं, जो आधी लागला तो वर, बाकी सगळं गेलं उडत. तुझं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. तुमच्याकडे कॅप्टनची डावी खुर्ची मिळायला किती वर्षं घासावी लागतात ते मी पाहिलंय. छोट्या कंपनीत ती लवकर मिळते, बाबांना मिळाली तशी, आणि त्या लोकांनी आयतं येऊन तुमच्या डोक्यावर बसायचं, हे तुझ्या लोकांना कसं पटणार? पण बाबांचंही चुकलं असं मला म्हणता येत नाही. तुम्हा दोघांचंही ऐकलं की दोघांचंही पटायचं. आई म्हणायची, तू न्यायाधीश झाला नाहीस ते बरं झालं.

शेवटी वाद लवादापुढे गेला, त्या सुनावणीत तू बोलायला उभी राहिलीस तेव्हा बाबा समोरच्या बाकावर होते. तू काय बोललीस ते त्यांनी घरी येऊन आम्हाला सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला. आणि शेवटी म्हणाले, ‘पण बोलली झकास. एकदाही अडखळली नाही.’ हे मी तुला तेव्हाच कळवायला हवं होतं का? कुणास ठाऊक. तुझं डोकं तेव्हा वेगळ्याच तारेत होतं.

निकाल तुझ्या बाजूने लागला. कॅप्टन जास्त झाले होते आणि विमानं कमी, म्हणून खालच्यांना को-पायलटच्या उजव्या खुर्चीत सरकवलं. रेघ पडली ती तुझ्या खाली आणि बाबांच्या वर. खांद्यावरची चौथी पट्टी गेली. बाबा घरात उलट विनोद करायचे. उडायच्या आधी विमानाभोवती फिरून चाकं, पंख बघायचं काम को-पायलटकडे असतं ना, भर पावसात ते करून आले की म्हणायचे, ‘बरं झालं, विमान पुन्हा खालून बघायला मिळालं.’ पण आई सांगते, त्यांना झोपेत डावा हात पुढे करायची सवय होती, जमिनीवर विमान वळवायचा तो छोटा चाकासारखा दांडा डाव्या बाजूला असतो म्हणे. उजव्या बाजूला तो नव्हता. तरी हात जायचा.

आणि तुमचा अबोला. तू येणं बंद केलंस, त्यांनी विचारणं बंद केलं. भावजी एकदा मध्यस्थी करायला आले, शब्दाला शब्द वाढला आणि तेही तोंड फिरवून गेले. तुझ्या चिमणीच्या वाढदिवसाला आईने फोनवर बाबांच्या कानाला रिसीव्हर लावला, तर ते नातीशी बोलले आणि ‘आईला देते’ असं ती म्हणताच फोन आपल्या आईकडे देऊन मोकळे झाले. माझ्यासमोर झालं हे. मी तेव्हा घरात होतो हेच एक आश्चर्य.

आता त्या शेवटच्या फेरीचं. मी मुद्दाम आलो होतो, तीन बस बदलून. मी आणि आई प्रवासी म्हणून विमानात बसलो. आईने ती राखून ठेवलेली निळी साडी नेसली होती आणि विमानाला शिंक आली तरी ती माझा हात आवळत होती. कॅप्टन एक तरुण पोरगा होता. त्याने माइकवर बाबांचं अभिनंदन केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा आमच्या समोरच्या दारात येऊन उभे राहिले, मागच्या रांगांपर्यंत एकदा नजर फिरवली आणि आत गेले. मला वाटलं, लोकांना बघताहेत.

दुसऱ्या दिवशी फोनवर तू मला सांगितलंस. त्या दिवशीची ती फेरी खरं तर तुझी होती. वेळापत्रकात आपल्या नावाखाली बाबांचं नाव बघून तुझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तू म्हणालीस, ‘ऑफिसने बघ कसा सूड उगवला! शेवटच्या दिवशी माणसाला लांबची, देखणी फेरी देतात, आणि ह्यांना दिली ही भिकार फेरी, वर माझ्या हाताखाली. मुलीच्या हुकमात बसून निवृत्त व्हायचं का त्यांनी? मी दुसऱ्याशी अदलाबदल करून टाकली. निदान तेवढी तरी लाज राखली त्यांची.’ मी म्हटलं, बरं केलंस ताई. मला खरंच तसं वाटलं.

मागच्या आठवड्यात मी आणि बाबा पंखे पुसत होतो. मी स्टुलावर, ते खाली स्टूल धरून. बोलता बोलता मी सहज म्हटलं, शेवटच्या फेरीला तुमच्यात रांगेतला नंबर न बघता मागेल ते देतात ना, मग तुम्हाला ती भिकार फेरी का दिली हो त्यांनी? खालून आवाज आला, ‘दिली नाही. मी मागितली. तिची होती म्हणून.’

ताई, मी स्टुलावरून खाली बघितलं. ते खालूनच बोलत होते, माझ्याकडे न बघता. म्हणाले, कॉकपिटमध्ये अबोला चालत नाही. विमान एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देताना एकाने ‘तुझ्याकडे’ म्हणायचं आणि दुसऱ्याने ‘माझ्याकडे’ म्हणायचं, मोठ्याने, नाहीतर दिलंच नाही असं धरतात. ‘तिला माझ्याशी बोलावंच लागलं असतं. मी ठरवलं होतं, उतरायच्या आधी विमान तिच्या हातात द्यायचं आणि आपण हात मांडीवर ठेवून बसायचं. तिने उतरवलेलं मी आजवर बघितलं नाही.’ मी विचारलं, मग? ते म्हणाले, ‘मग काय. आदल्या दिवशी बघितलं तर तिने फेरी बदलून घेतलेली. नको असेल तिला माझ्या शेजारी बसायला. तरी मला वाटलं, निदान मागे प्रवाशांत येऊन बसेल.’ आणि वर बोट दाखवून, ‘ते पातं राहिलंय, पूस. आणि हे तिला सांगू नकोस, जन्मभर मनाला लावून घेईल.’

म्हणून हे पत्र. सांगू नकोस म्हणाले तरी सांगतोय. ती फेरी परत येणार नाही, हे मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. बाबा आता कधीच विमान चालवणार नाहीत, त्यामुळे कुणाच्या हातात देणारही नाहीत. पण तू त्यांची लाज राखलीस असं तू धरून चालायचं आणि तुला त्यांचीच लाज वाटली असं त्यांनी धरून चालायचं, हे मला एकट्याला पोटात ठेवून पंखे पुसवत नाहीत गं. तू फोन कर असं मी

थांब, खाली टॅक्सीचं दार वाजलं.

ताई, भावजी आलेत! चिमणीला घेऊन. मी टॅक्सीत वाकून बघितलं, तू नाहीस. भावजी दारातच उभे, बूट काढू की नको ह्या विचारात. बाबा बाहेर आले, भावजींना वळसा घालून चिमणीसमोर उकिडवे बसले आणि विचारलं, ‘विमान कुणी आणलं गं?’ ती म्हणाली, ‘आईने. ती विमानतळावरच आहे, तिला ते लगेच परत न्यायचंय.’ बाबांनी घड्याळ बघितलं. आई त्यांना समजावतेय की तुमचं ओळखपत्र जमा केलंय, आत कोणी सोडणार नाही, ती बाहेर येऊ शकणार नाही, फार तर कुंपणातून विमान उडताना दिसेल. ते ‘हो, हो’ म्हणताहेत आणि शर्टाची बटणं लावताहेत, एक घर चुकवून. हे पत्र भावजींच्या खिशात घालतो, ते रात्रीच्या विमानाने घरी परतले की तुला देतील. बाबा मला गाडी काढायला सांगताहेत, हॉर्न वाजवताहेत, जातो.

तुझाच,
भिंगरी