एक वर्ष कमी

तारापूर, शनिवार, जानेवारी १९८७

अमेरिकेतल्या विद्यापीठाचं उत्तर आलं. त्यांना चार वर्षांची पदवी हवी, माझी बी.एस्सी. तीनच वर्षांची. मला भीती होती सेकंड क्लासची, पण मार्कांपर्यंत गोष्ट गेलीच नाही. एक वर्ष कमी!

आई ओट्यावर सुके बोंबील निवडत होती. तिला सांगितलं.

"मंग आनखी एक वरीस शिक."

"कुटं, आई? सेकंड क्लासवर एमेस्सीला घेत नाय."

ती पुन्हा बोंबील निवडू लागली. एक वर्ष. चिडू तरी कोणावर?

तेवढ्यात शेजारची काकी सुक्या जवळ्याची पुडी घेऊन आली. "पोरी, हा अमेरिकेला नेशील ना?"

आईने माझ्याकडे पाहिलंच नाही. मी पुडी घेतली. "नेईन, काकी," म्हणाले.