मासिलामणी अण्णांचं राहिलेलं हसू

मी, मरुदप्पन, वय शहात्तर, धंदा सिनेमातला मेकअप, राहणार वडपळनी, चेन्नई, पूर्ण शुद्धीवर असून हे कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. हात थरथरतो, डोकं नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. वडपळनीची खोली आणि बँकेतली शिल्लक भाची पूंगोडीला. गेली नऊ वर्षं तिनं मला इडली आणि शिव्या दोन्ही वेळेवर दिल्या. धाकट्या भावाला काही नाही. त्याला दिलं ते त्यानं पत्त्यांत घालवलं.

२. मेकअपची पत्र्याची पेटी नट मासिलामणी यांना. नाव कुणाला आठवणार नाही, पण चेहरा दिसला की लोक म्हणतात, "अरे, हा तर मध्यंतराच्या आत मरणारा बाप!" एकसष्ट चित्रपटांत ते माझ्या हातच्या रंगात मेले आणि एकदाही सारखे मेले नाहीत. पोस्टमास्तर म्हणून मरताना त्यांनी आधी चष्मा काढून नीट मिटला. गाडीवान म्हणून मरताना पायाचा अंगठा तेवढा हलवला, बैल हाकत असल्यासारखा. एकदा एक हिरो खेकसला, "लवकर मरा हो, माझं गाणं राहिलंय!" अण्णा म्हणाले, "तुम्ही गा की, मी मरता मरता ऐकतो." असा नट मी दुसरा पाहिला नाही, हे सहीनिशी सांगतो.

३. आमच्यात रीत आहे. प्रेताचं काम करणाऱ्यानं शॉट संपताच, कॅमेरा चालू असतानाच, त्यात बघून हसायचं. नाही हसला तर ते मरण त्याच्या अंगावर राहतं. सत्त्याऐंशी साली अण्णा तिरडीवर डोळे मिटून 'हसा' ऐकायची वाट बघत पडले होते. सहायक दिग्दर्शक जंबुलिंगमनं मला विचारलं, "हसू घेतलं का?" जेवणाची पानं मांडली होती, सांबाराचा वास सुटला होता. मी न बघताच म्हणालो, "घेतलं." कॅमेरा दुसरीकडे गेला.

अर्ध्या तासानं मी हाक मारली, "अण्णा, उठा, पानं वाढलीत."

"हसू राहिलं, तंबी. घेतलं म्हणून कोण म्हणालं?"

मी जंबुलिंगमकडे बोट दाखवलं.

त्यानंतर अण्णांना काम मिळेना. मला वाटतं, सिनेमातल्या बापांनी मरायचं सोडलं म्हणून. त्यांना वाटतं, ते अजून त्या तिरडीवरच आहेत. जंबुलिंगमशी ते बत्तीस वर्षं बोललेले नाहीत, आणि माझ्याबरोबर रोज संध्याकाळी कॉफी पितात. मला याची फार लाज वाटते.

४. म्हणून माझा रेडिओ जंबुलिंगमला. कलम तीन त्यानं अण्णांसमोर मोठ्यानं वाचावं.

५. माझ्या चेहऱ्याला शेवटचा रंग अण्णांनी लावावा, त्याच पेटीतला. रागावले असतील तर मिशी वाकडी चिकटवावी, माझी हरकत नाही. मग त्यांनी माझ्याशेजारी आडवं होऊन डोळे मिटावेत. पूंगोडीनं मोबाइलचा कॅमेरा चालू करावा, जंबुलिंगमनं 'हसा' म्हणावं आणि अण्णांनी कॅमेऱ्यात बघून हसावं. मला ते जमणार नाही, तेव्हा माझ्याही वाटचं त्यांनीच हसावं. तोवर मला उचलू नये. आणि कुणी 'घेतलं' म्हणालं, तर स्वतः डोळ्यांनी बघून खात्री करावी.

सही: मरुदप्पन
वडपळनी, २२ ऑगस्ट २०१९

साक्षीदार, ज्यांच्यादेखत मी सही केली:
१. डॉ. उमैयाळ, माझ्यावर उपचार करणाऱ्या
२. कुळंदैवेलु, शिंपी, शेजारी