खाडीकाठचा आपला कोपरा

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज तुझ्याशीच बोलावंसं वाटलं. आपला खाडीकाठ आता तुला ओळखू यायचा नाही. डेब्रिजचे ढीग गेले. तिथे फरशीचा लांबलचक रस्ता, बाकडी, कॉफीची दुकानं, त्यांच्यावर राहायच्या इमारती. संध्याकाळी पोरं गिटार घेऊन बसतात. खोटं कशाला बोलू, छान दिसतं.

मला तो दिवस आठवतो. डेब्रिज टाकायला पहिला डंपर रिव्हर्स घेत येतोय आणि तू बोंबील वाळवायच्या बांबूंच्या वलांडीसमोर पदर खोचून उभी. "खाडी काय तुझ्या बापाची हाय?" त्या दिवशी तो परत गेला. पण नंतर किती आले! मासळी आटली, आणि एका पावसाळ्याच्या तोंडावर वलांडीचे बांबू तू स्वतःच कायमचे उतरवलेस. रडली नाहीस. "शिक गं, नोकरी कर," एवढंच म्हणालीस. मी केली.

काठ नवा करायचं ठरलं तेव्हा सुनावणीला गेले. नकाशात वाळवणाला जागाच नव्हती. साहेब हसून म्हणाले, "ताई, आता वाळवतंय कोण?"

"आधी जागा ठेवा, मग बघा," मी म्हटलं.

गल्लीतल्या आम्ही चौघींनी खेटे घालून घालून चपला झिजवल्या, तेव्हा कुठे एक कोपरा मिळाला. पेढे वाटले गं आम्ही! पण तोवर एक वारली, एक लेकाकडे विरारला गेली, तिसरीला जिना उतरवत नाही. आता तिथे मी एकटीच बाजारातून आणलेले बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगते. वरून एक बाई ओरडते, "आंटी, वास येतो ना!" फिरायला आलेले फोटो काढतात. काल एका मुलीनं विचारलं, "एवढे कुणासाठी?"

"घरात माणसं खूप," मी म्हटलं.

घरात मीच आहे, आये. खारट तर डॉक्टरांनी कधीच बंद केलंय. सुकलेले बोंबील पिशवीत भरून मी तिथल्या वॉचमनला देते. तो ते खातो की टाकतो, मी विचारत नाही.

हे पत्र घडी करून उशीखाली ठेवीन, दुसरं काय करणार? लोकांना वाटतं, ही बाई जागा टिकवतेय. तुला म्हणून सांगते, पिशवी घेताना तो वॉचमन घटकाभर बोलतो, तेवढ्यासाठी मी तिथे जाते.